घरच्याला दोन कमी

काशी केवट हा बास्केटबॉलचा व्यावसायिक संघ सलग तिसऱ्या वर्षी लीगच्या तळाशी गेला, तेव्हा त्याला वर काढण्याचे उपाय सांगणाऱ्यांचं बनारसमध्ये अमाप पीक आलं. बालाजी घाटाच्या वरच्या अंगाला गल्ली जिथे वळते, तिथल्या चहाच्या दुकानात तर रोज सकाळी एक नवा संघ तयार व्हायचा. याला लुधियानाला द्या, त्याला चेन्नईहून आणा, कोचला गंगापार पाठवा! जन्मात कधी चेंडू हातात न धरलेला पानवालासुद्धा दोन खेळाडू देऊन तीन मागायचा आणि वर एक परदेशी फुकटात पदरात पाडून घ्यायचा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

या गदारोळात एकच माणूस गप्प बसून मातीच्या कुल्हडातला चहा फुंकत असे, आणि खरं सांगायचं तर बोलण्याचा अधिकार होता तो त्याचाच. शरदराव पाटणकर. वय सहासष्ट, रेल्वेच्या कारखान्यातल्या स्टोअरमधून निवृत्त, अंगाने किरकोळ, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. चाळीस वर्षं बनारसमधल्या बास्केटबॉलच्या मैदानांवर टेबलाशी बसून त्यांनी स्कोअर लिहिला होता, आणि लीग सुरू झाल्यापासून ते काशी केवटचे अधिकृत स्कोअरर होते. त्यांनी लिहिलेला कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. दोन संघांत हमरीतुमरी झाली तरी कोणीतरी म्हणायचं, ‘पाटणकरजी का काग़ज़ देख लो,’ आणि भांडण तिथेच मिटायचं. शरदरावांना दुसरी कमाई नव्हती. गल्लीत तीन खोल्यांचं घर, पत्नी नंदाताई, आणि हा एवढा नावलौकिक.

तो त्यांना वारशानेच आला होता म्हणा. त्यांचे वडील काशीनाथशास्त्री संकठा घाटाजवळच्या एका वेदपाठशाळेत परीक्षक होते. शरद बारा वर्षांचा असताना पाठाच्या परीक्षेत एका जागी त्याचा स्वर घसरला. त्याच जागी आणखी तिघांचे घसरले होते. शास्त्रीबुवांनी त्या तिघांना सांभाळून घेतलं आणि पोटच्या पोराला नापास केलं. परीक्षक घरचा असेल तर घरच्याला दोन गुण कमीच द्यायचे, ही त्या मराठी शास्त्रीमंडळींची न लिहिलेली रीत होती. दिले नाहीत तर लोक बोलणार, आणि लोक बोलले तर मग पाठशाळेची पत ती काय राहिली? त्या दिवशी सगळ्या गल्लीने शास्त्रीबुवांची वाहवा केली. शरदराव हा प्रसंग आयुष्यभर मोठ्या अभिमानाने सांगत आले. त्या दिवशी बारा वर्षांच्या मुलाला काय वाटलं होतं, ते मात्र त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही.

आता विश्वेशबद्दल. विश्वेश म्हणजे शरदरावांची धाकटी बहीण मधुरा, तिचा मुलगा. मधुरा गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. बापाने वर्षाच्या आत दुसरा संसार मांडला, तेव्हा शरदराव ग्वाल्हेरला गेले आणि पोराचं बोट धरून त्याला काशीला घेऊन आले. स्वतःला मूलबाळ नव्हतं. नंदाताईंनी त्याला छातीशी धरलं, आणि शरदरावांना ते काही जमण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी त्याच्या हातात चेंडू दिला. “विशू, हातातला चेंडू आपला नसतो,” ते सांगायचे, “जो मोकळा उभा आहे त्याचा असतो.” पोराने ते असं मनावर घेतलं की पुढे मोठा झाल्यावर, टोपलीखाली एकटा उभा असला तरी तो आधी मान वळवून बघायचा, आपल्यापेक्षा मोकळा कोणी आहे का. चोविसाव्या वर्षी काशी केवटने त्याला घेतलं, तेव्हा नंदाताईंनी गल्लीभर पेढे वाटले. शरदराव म्हणाले, “एवढं काय त्यात.”

इथे खेळातली एक गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच अडलं. चेंडू टोपलीत पडला की पडला, तिथे कोणाचं मत चालत नाही. पण ज्याने पास दिला आणि ज्याच्या पासमुळे दुसऱ्याला टोपली मिळाली, त्याच्या नावावर ‘असिस्ट’ लिहितात, आणि ते लिहायचं की नाही हे टेबलाशी बसलेला माणूस ठरवतो. पास घेतल्यावर खेळाडूने लगेच चेंडू मारला तर प्रश्नच नाही. पण मध्ये एकदा जमिनीवर आपटला तर? वळून मारला तर? तिथे स्कोअररची नजर आणि स्कोअररचं मन. ही लीग तशी गरीब. प्रत्येक संघाने आपला स्कोअरर बरोबर न्यायचा आणि आपल्या खेळाडूंची नोंद त्यानेच ठेवायची, अशी तिची रीत. बाकीच्या गावांचे स्कोअरर आपल्या पोरांना सढळ हाताने असिस्ट वाटायचे, आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटायचं नाही.

विश्वेशच्या पहिल्याच सामन्याला पाहुण्या संघाचा एक अधिकारी टेबलाशी आला आणि हसत हसत म्हणाला, “अरे वाह! मामा टेबल पर बैठे हैं। भांजे की तो चाँदी है!” आजूबाजूचे चारजण हसले. तो बिचारा थट्टेने बोलला आणि विसरूनही गेला असेल. शरदरावांच्या कानाच्या पाळ्या मात्र तापल्या. त्या संध्याकाळपासून त्यांच्या पेनाला दोन मापं लागली. दुसऱ्या कोणी पास दिला आणि पुढच्याने चेंडू एकदा आपटून टोपली केली, तरी असिस्ट. विश्वेशने दिला आणि पुढच्याने एकदा आपटला की नाही. पुढचा जरासा अडखळला, नाही. शंका आली, नाही. शंका नसली तरी पुष्कळदा नाहीच. घरच्याला दोन कमी! आणि ज्याचा सगळा खेळच दुसऱ्याला पास देण्याचा, त्याच्याजवळ दाखवायला दुसरं होतं तरी काय?

सामना संपला की दोघे एकाच स्कूटरवरून घरी यायचे. मागे बसलेला विश्वेश विचारायचा, “आज किती, मामा?”

“दोन.”

“दोनच? अच्छा.” एवढंच. त्याने कधी हुज्जत घातली नाही. दुसऱ्या दिवशी सहाला उठून मैदानावर जायचा आणि भिंतीवर खडूने वर्तुळ काढून त्यात पास मारत बसायचा. नंदाताई म्हणायच्या, “अहो, पोर इतकी मेहनत करतं, एखादी शाबासकी दिलीत तर जीभ झडणार नाही तुमची!” शरदराव म्हणायचे, शाबासकीने पोरं बिघडतात.

तर, तिसऱ्यांदा तळाशी गेल्यावर मालकांनी संघाची पुनर्बांधणी करायला पुण्याहून एक नवी मॅनेजर आणली. मालविका राजवाडे, वय चौतीस, बोलायला मऊ आणि हिशेबाला पक्की. बनारसला येऊन पंधरा दिवस हिंदी बोलून तिचा जबडा दुखायला लागला होता, त्यामुळे गल्लीतलं मराठी घर सापडल्यावर ती एका सकाळी थेट शरदरावांकडेच येऊन बसली. नंदाताईंनी तिच्यापुढे चुडा-मटरची बशी ठेवली, ज्याला त्या घरात अजून पोहेच म्हणतात.

“पाटणकर काका,” ती म्हणाली, “मला सगळे सल्ला देतायत. टॅक्सीवाल्यानेसुद्धा दिला. पण चार वर्षांत प्रत्येक सामना डोळ्यांत तेल घालून बघितलेला माणूस तुम्हीच. सोमवारी पाचला खेळाडूंची अदलाबदल बंद होणार. नऊ दिवस आहेत. सांगा, कोणाला देऊ आणि कोणाला घेऊ?”

चाळीस वर्षांत शरदरावांना कोणी असं विचारलं नव्हतं. ते हरखून गेले. चार दिवस जेवताखाता त्यांना दुसरं काही सुचेना. पाचव्या दिवशी त्यांनी सहा पानी मजकूर लिहून काढला, आणि तो खरोखर नामी होता. आपल्याकडे टोपल्या मारणारे दोघं आहेत आणि दोघांनाही चेंडू हवा असतो. टोपलीखाली उंच माणूस मात्र एक नाही. अनिमेष हा शहराचा लाडका, पण तो आता एकतीस वर्षांचा झाला. नाव आहे तोवर त्याला लुधियानाला द्यावं. त्यांच्याकडे हरकीरत म्हणून एक चोवीस वर्षांचा पोरगा आहे, सहा फूट अकरा इंच, जो तिथे एका म्हाताऱ्या खेळाडूच्या मागे नुसता बाकावर बसून असतो. त्याला मागून घ्यावं. मग आपल्या गार्डने, म्हणजे चेंडू पुढे आणून वाटणाऱ्याने, पास द्यायचा आणि हरकीरतने वरच्या वर तो टोपलीत घालायचा. सगळा खेळ या दोघांभोवती बांधावा. दोन वर्षांत संघ उठेल.

‘आपला गार्ड’ म्हणजे विश्वेश. लिहिताना शरदरावांना डोळ्यांपुढे तोच दिसत होता. खरं तर सहाच्या सहा पानं त्याच्याच भरवशावर उभी होती. पण त्याचं नाव लिहायला पेन टेकवलं आणि थांबवलं. मामाने लिहिलेल्या कागदावर भाच्याचं नाव? वशिला दिसेल. त्यांनी ‘आपला गार्ड’ एवढंच लिहिलं आणि कागद मालविकाला नेऊन दिला.

शनिवारी संध्याकाळी ती परत आली. बसली नाही, दारातच चपला काढून उभी राहिली.

“काका, लुधियाना तयार झालंय. हरकीरत देतायत. तुमची कल्पना त्यांनी एका फोनवर मान्य केली.”

“वा!” शरदराव म्हणाले.

“फक्त अनिमेषबरोबर त्यांना वर एक माणूस हवाय. त्यांचा एक गार्ड जायबंदी आहे.” तिने जरा श्वास घेतला. “मी विश्वेशचं नाव दिलंय. तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून दुसऱ्याकडून कळायच्या आत स्वतः आले.”

भाजी घेतल्यावर वर चार मिरच्या टाकतात, तसा त्यांचा विशू वर टाकला गेला होता. “पण... तोच का?” शरदरावांनी विचारलं.

मालविकाने फोन काढून आकडे दाखवले. “दहा संघांचे दहा मुख्य गार्ड. असिस्टमध्ये विश्वेश दहावा. सामन्याला दोन आणि काहीतरी. मुलगा गुणी आहे, मेहनती आहे, पण गार्ड म्हणून आकडे हे असे. मला पण आधी वाटलं, कुठे नोंदीत चूक असेल. मग म्हटलं, छे, पाटणकर काकांचा कागद आहे. लीगमध्ये सगळ्यात भरवशाचा.”

सांगायची वेळ तीच होती. ‘मालविकाताई, आकडे खोटे आहेत, मीच दाबलेत,’ एवढं एक वाक्य. ते शरदरावांच्या गळ्यापर्यंत आलंसुद्धा. पण त्याच्या मागोमाग दुसरंही आलं, की आता बोललो तर ही म्हणेल, भाचा चालला म्हणून मामा आकडे फिरवतोय. आणि चाळीस वर्षांचा कागद एका वाक्यात चिंध्या होईल. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “बरोबर आहे तुमचं.”

रविवार सकाळभर ते संकठेच्या देवळात जाऊन बसले. देवीपुढे काय मागावं तेही सुचेना. दुपारी घरी आले ते थेट विश्वेशच्या खोलीत शिरले. विश्वेश मित्रांकडे गेला होता, तो दुसऱ्या दिवशीच यायचा होता. सौद्यात आपलं नाव आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. शरदरावांनी त्याचा लॅपटॉप उघडला आणि गेल्या मोसमाच्या अठरा सामन्यांची चित्रणं लावून, एकच माप धरून, जे बाकीच्यांना लावलं तेच, त्याचे पास तेवढे रात्रभर मोजत बसले. सोमवारी दुपारी मोजणी संपली. कागदावर चाळीस असिस्ट होते. खरे निघाले शहाण्णव. शहाण्णव धरले तर विश्वेश दहा गार्डांत दुसरा होता.

सिगरा भागातल्या संघाच्या ऑफिसात ते पोचले तेव्हा तीन वाजले होते. मालविकाने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. मग लॅपटॉपवर दहा-बारा पास बघितले, आणि प्रत्येक पासबरोबर तिचा चेहरा उतरत गेला.

“काका, हे तर... हा मुलगा तर तुमच्या त्या सहा पानांतला गार्ड आहे.”

“हो.”

“मग तुम्ही तिथे नाव का नाही लिहिलंत?”

“अजून पाच वाजले नाहीत,” शरदराव म्हणाले.

“सकाळी अकराला मालकांनी सही केली. लुधियानाचीही आली. आता एकाने जरी अंग काढलं तर हरकीरतही जाणार आणि दंड वेगळा.” तिने लॅपटॉप बंद केला. तिला राग आला होता, आणि त्यांच्या वयाकडे बघून तो गिळावा लागत होता. “परवा मी तुमच्या दारात उभी होते. परवा एक शब्द बोलला असतात, तर मी त्यांना दुसरं कोणीही दिलं असतं. अगदी कोणीही.”

घरी आल्यावर शरदरावांनी नंदाताईंना सगळं सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या. त्यांनी सुरी खाली ठेवली. “आणि आता हे त्याला सांगायचं कोणी? मी?” एवढंच बोलल्या. नंतर दहा दिवस त्यांनी शरदरावांशी वाढण्यापुरतंसुद्धा बोलणं ठेवलं नाही.

सांगितलं कोणीच नाही. सौद्याचं ऑफिसातून कळल्यावर विश्वेश घरी आला आणि मामीला म्हणाला, “मामी, लुधियानाला ठंड फार असते म्हणे. माझा तो निळा स्वेटर निकाल ना जरा.” निघायच्या दिवशी सामान बांधून झाल्यावर तो शरदरावांच्या पाया पडला. इकडच्या लोकांत भाच्याला पाया पडू देत नाहीत, एक भाचा शंभर ब्राह्मणांच्या बरोबरीचा मानतात. पण पाटणकरांचं घर मराठी, तिथे धाकट्याने वाकायचं. “मामा, तुमची योजना एकदम सही आहे,” तो म्हणाला. “हरकीरत आला की संघ उठेल बघा. मी गेलो त्याचं टेन्शन बिलकुल घेऊ नका.” शरदरावांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तोंड उघडलं आणि म्हणाले, “पोचलास की फोन कर.”

आणि संघ खरंच उठला. हरकीरतने पहिल्याच मोसमात बनारस वेडं केलं. काशी केवट शेवटून थेट चौथ्या क्रमांकावर आला. चहाच्या दुकानात, जिथे सगळे मॅनेजर होते, तिथे आता एकच मॅनेजर उरला. “का गुरु, अइसन सौदा त तोहीं कइ सकत हउआ!” असा सौदा करावा तर तुम्हीच, असं म्हणत लोक शरदरावांच्या हातात कुल्हड ठेवायचे आणि पैसे देऊ द्यायचे नाहीत. संघाने त्यांना शाल आणि नारळ दिला. आपल्या भाच्याचाही मोह न धरता संघाचं हित बघणारा माणूस, असं कोणीतरी भाषणात म्हणालं, आणि टाळ्या पडल्या. शरदराव खाली मान घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला.

त्यांनी आपल्या परीने हातपाय मारले नाहीत असं नाही. लीगला पत्र लिहिलं, की माझ्या नोंदी चुकीच्या आहेत, दुरुस्त करा. उत्तर आलं, की पंधरा दिवसांहून जुन्या नोंदी बदलता येत नाहीत. मग त्यांनी स्कोअररचं काम सोडलं. कारण विचारलं तर डोळे कमजोर झालेत म्हणून सांगितलं. घरी बसून बाकीच्या तीन मोसमांची चित्रणंही त्यांनी एकेक करून बघितली. विशूचा एकेक पास बघताना त्यांच्या तोंडून आपोआप ‘वा रे वा’ निघून जायचं, आणि मग खोलीत आपण एकटेच आहोत हे ध्यानात यायचं.

लुधियानात विश्वेशला अठरा सामन्यांत मिळून एकतीस मिनिटं खेळायला मिळाली. वर टाकलेल्या माणसाला कोण कशाला खेळवतो? मोसम संपला, त्यांनी करार पुढे चालवला नाही. बाकीच्या आठ संघांनी आकडे बघितले आणि फोन ठेवला. केवटच्या मालकांनी तोवर हरकीरतसाठी बेंगळुरूहून दुसरा गार्ड आणला होता. मालविकाने विश्वेशसाठी शब्द टाकून पाहिला, पण ते म्हणाले, एकदा दिलेला माणूस परत घेतला तर हसं होईल. मे महिन्यात विश्वेश घरी आला. जुलैत सारनाथच्या रस्त्यावरच्या एका शाळेत खेळाचा मास्तर म्हणून लागला. मुलांना रांगेत उभं करायचं, कवायत घ्यायची, पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायची. चेंडूला त्याने हात लावणं सोडलं होतं. नंदाताई एकदा म्हणाल्या, “विशू, सुबह जात नाहीस का रे मैदानावर?” तर म्हणाला, “आता कशाला, मामी?” त्याला एकोणतिसावं लागलं होतं.

डिसेंबरातल्या एका रविवारी दुपारी मामा-भाचे गच्चीवर उन्हात बसून मटार सोलत होते. खाली नंदाताईंची भांड्यांची खडखड चालली होती. समोर गंगा संथ होती आणि पलीकडच्या वाळूत कोणीतरी घोडा फिरवत होतं. विश्वेश शाळेतल्या गमती सांगत होता. बऱ्याच दिवसांनी तो मोकळा बोलत होता, म्हणून शरदराव नुसते हुंकार देत होते.

“मामा, एक गंमत सांगायची राहिलीच,” तो म्हणाला. “लुधियानातले कोच आहेत ना, बडे सख्त आदमी. एक दिवस प्रॅक्टिसनंतर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, तेरे नंबर इतने कम कैसे हैं? तुझे देखता हूँ तो यक़ीन नहीं होता. म्हणाले, नोंदीत काहीतरी गडबड असणार, तू सांग, मी तुझे जुने सामने मागवून बघतो. आकडे गलत निघाले तर मालकांशी बोलून तुला दोन वर्षं ठेवून घेतो.”

शरदरावांच्या हातातली शेंग तशीच राहिली. “मग?”

“मग काय! मी एकदम गरम झालो.” विश्वेश हसला. “म्हटलं, सर, वो मेरे मामा का काग़ज़ है। उसमें ग़लती नहीं होती। त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, ठीक है बेटा. परत कधी विचारलं नाही.”

शरदरावांना वाटलं, आत्ता या क्षणी आपण इथे नसतो तर बरं झालं असतं. दीड वर्ष ज्याला ते भीत होते ते सांगायला आता काही हिंमत लागली नाही, कारण न सांगता तिथे बसणंच अशक्य झालं होतं.

“विशू, कागद खोटा होता.”

“हां?”

“तुझ्यापुरता. पहिल्या सामन्यापासून. लोक काय म्हणतील म्हणून मी तुझे पास लिहिलेच नाहीत. बाकीच्यांचे लिहिले. तुझे तेवढे सोडले.” आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. सहा पानांतलं न लिहिलेलं नाव, दारात उभी असलेली मालविका, रविवार, सोमवार, लीगला लिहिलेलं पत्र. स्वतःची बाजू घेईल असा एकही शब्द त्यांनी त्यात येऊ दिला नाही.

विश्वेश ऐकताना मटार सोलतच राहिला. हातातली शेंग संपली, दुसरी घेतली. मग त्याने विचारलं, “किती?”

“चार मोसमांत दोनशे सात.”

“दोनशे सात,” तो स्वतःशीच म्हणाला. मग अगदी लहानपणी, ग्वाल्हेरहून आला तेव्हा ज्या आवाजात बोलायचा, त्या आवाजात म्हणाला, “म्हणजे मामा, मी ठीक खेळत होतो?”

“ठीक नाही रे राजा,” शरदराव म्हणाले, “फार सुंदर खेळायचास तू. तुझ्यासारखा पास मी चाळीस वर्षांत बघितला नाही.”

विश्वेशचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. आई गेली तेव्हाही तो मामांसमोर रडला नव्हता. “मला वाटायचं, माझ्यातच कुछ कमी आहे,” तो म्हणाला. “रोज वाटायचं. म्हणायचो, मामा एवढं बारीक बघतात, त्यांना दिसत नाही म्हणजे नसणारच.”

शरदरावांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, धरलाही नाही. सोललेल्या दाण्यांची परात उचलून तो उठला, जिन्यापर्यंत गेला आणि तिथे थांबला.

“कागदावर नसतं लिहिलंत तरी चाललं असतं, मामा,” तो म्हणाला. “मला घरी येऊन एकदा सांगायचं होतंत.”